पहिल्या कॅम्पर गाडीचा विमा: पॉलिसी घेण्याआधी आरसी बघा

ईदनंतरच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीट काढून दोन बिछाने, पाण्याची टाकी, छोटी शेगडी आणि सामानाचे कप्पे बसवायचं ठरलं. घरात म्हातारी अम्मा आहे, तिच्या गुडघ्यांना त्रास. रेल्वेचे आणि लॉजचे जिने तिला चढवत नाहीत. अजमेरला किंवा हैदराबादला नातेवाइकांकडे जायचं, तर वाटेत आडवं होता यावं, नमाज वेळेवर पढता यावी, परहेजचं जेवण स्वतः करता यावं, एवढाच विचार. गाडी दारात आली, मिठाई वाटली गेली. दुसऱ्या दिवशी घरातला मोठा मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स कोणता पडेल तेवढं बघून द्या."

मी विचारलं, आरसीवर काय लिहिलंय?

"ते अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे. पिवळी पाटी आहे. ते करू नंतर, आधी इन्शुरन्स काढून घेऊ."

इथेच क्रम उलटा झाला होता. बहुतेकांचा असाच होतो. परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात ती गाडी आपल्याकडे कॅम्पर व्हॅन किंवा कॅरॅव्हॅन या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या शब्दाची थोडी ओळख झाली. पण तयार कॅरॅव्हॅन विकत घेणारे थोडे. आपल्यासारखे लोक जुनी ट्रॅव्हलर, विंगर किंवा ईको घेतात आणि गॅरेजवाल्याकडून आतून बदलून घेतात. अशा गाडीच्या विम्यात घोटाळा होतो तो हप्ता कमी-जास्त असल्यामुळे नाही. आरसी एक सांगते, पॉलिसी दुसरं सांगते आणि गाडी प्रत्यक्षात तिसरंच काम करत असते, म्हणून होतो.

आरसीवर गाडी कोण आहे?

केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे दोन गट केलेले आहेत, ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्ट गटात येते, म्हणजे पांढऱ्या पाटीची. पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर ट्रान्सपोर्ट गटात असते, तिला परमिट आणि फिटनेस लागतं. आत बिछाना टाकला म्हणून पिवळ्या पाटीची गाडी आपोआप घरची होत नाही. आरटीओत वर्ग बदलून घ्यावा लागतो, बसण्याची क्षमता नव्याने लिहून घ्यावी लागते. जालन्याच्या एमएच-२१ पासिंगच्या गाडीसाठी हे काम इथल्याच कार्यालयात होतं.

बदलाबद्दल मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा. कंपनीने बनवताना ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा फेरबदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सीट काढणं, छत वाढवणं, गॅस किट बसवणं ही कामं गॅरेजवाला दोन दिवसांत करून देतो आणि "काही होत नाही भाई" असंही म्हणतो. त्याचं काही होत नाही हे खरं, कारण आरसीवर नाव त्याचं नसतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत काय चालेल ते विचारा आणि काम झाल्यावर आरसीवर नोंद घ्या.

विमा त्यानंतर. प्रपोजल फॉर्म भरताना बदल लिहूनच द्या. एजंटच्या फोनवर तोंडी सांगितलेलं पुढे कोणी मान्य करत नाही. कंपनीने तुमची गाडी खासगी कारच्या गटात धरली आहे की इतर कोणत्या, हे कोटेशनवर लिहून मागा. हप्ता आणि अटी दोन्ही त्यावरच ठरतात.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?

कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी कोणतीही मोटारगाडी थर्ड पार्टी विम्याशिवाय चालवता येत नाही. पकडलं तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये आणि नंतर ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की विमा नसताना कुणाला धक्का लागला, तर भरपाई मालकाच्या घरावर, शेतावर येते.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. खासगी कारसाठी १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे निव्वळ थर्ड पार्टीत "आमची कंपनी स्वस्त" हे बोलणं पोकळ आहे. एखादा फारच कमी रक्कम सांगत असेल तर गाडीचा वर्ग चुकीचा लिहिला आहे का ते आधी बघा, आणि पॉलिसी खरी आहे का तेही. पॉलिसीवरचा क्यूआर कोड तपासून घ्या. शोरूममधून नवी खासगी कार घेतली तर १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तिथे फसगत कमी होते.

आता मुद्द्याचं. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा माणूस, समोरच्या गाडीतला माणूस, त्याची भिंत, त्याची टपरी. माणसाच्या मृत्यूला किंवा जखमेला रकमेची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल तेवढी भरपाई. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. ते ६,००० रुपयांपर्यंत कमी करून हप्त्यात थोडी सूट घेता येते. ही सूट घेऊ नका. शंभर-दीडशे रुपये वाचतात आणि एखाद्याच्या दुकानाचं शटर आपल्या अंगावर येतं.

आपली माणसं या विम्यात नाहीत

हे वाक्य मी त्या मुलाला दोनदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा त्याला खरं वाटलं नाही. खासगी गाडीला फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर त्या गाडीत फुकट बसलेली तुमची अम्मा, बायको, मुलं, पाहुणे यांना त्या पॉलिसीतून भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत ही गोष्ट स्पष्ट केली आहे. त्यांना संरक्षण मिळतं ते पॅकेज पॉलिसीत, जिला आपण "फुल इन्शुरन्स" किंवा "फर्स्ट पार्टी" म्हणतो. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत आत बसलेल्यांची जबाबदारी धरलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात हा फरक मान्य केला.

म्हणजे जी गाडी घेतलीच आहे घरच्यांना घेऊन फिरण्यासाठी, तिला निव्वळ थर्ड पार्टी काढणं हा सगळ्यात महागात पडणारा स्वस्त सौदा आहे. ट्रकला मालवाहतूक करायची असते, तिथे हिशेब वेगळा. आपल्या गाडीत तर घरच झोपलेलं असतं.

मालक स्वतः मात्र पॅकेज पॉलिसीतही प्रवासी म्हणून धरला जात नाही. त्याच्यासाठी मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पंधरा लाख रुपयांचं, आणि ते बंधनकारक आहे. तुमच्याकडे आधीपासून तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. यात एक अट लोक वाचत नाहीत: मालकाकडे वैध लायसन्स पाहिजे. अनेक घरांत गाडी अब्बाच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. अब्बांकडे लायसन्सच नाही. अशा वेळी गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे खरेदीच्या दिवशीच ठरवा. बाकी माणसांसाठी प्रत्येक सीटमागे वैयक्तिक अपघात संरक्षण जास्तीचे पैसे भरून घेता येतं. लांबचा प्रवास करणाऱ्यांनी ते घ्यावं असं माझं मत आहे.

लायसन्सवरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहनही वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. ट्रॅव्हलरसारखी गाडी त्या वजनात बसते. त्यामुळे "तुझं लायसन्स चालत नाही" हे कारण आता या गाड्यांना लावता येत नाही. मुदत संपलेलं लायसन्स ही मात्र वेगळी गोष्ट, ती नडतेच.

विमा जायज आहे का?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात असतोच, तेव्हा टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मी आलिम नाही, फतवा देत नाही. जे छापील आणि जाहीर आहे तेवढं सांगतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकॅडमीने डिसेंबर १९८५ मध्ये ठराव केला की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज आहे, कारण त्यात मोठा गरर म्हणजे अनिश्चितता आहे, आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज आहे. त्या सहकारी पद्धतीला तकाफुल म्हणतात. सुदानमध्ये १९७९ मध्ये अशी कंपनी निघाली, मलेशियाने १९८४ मध्ये त्यासाठी कायदा केला. भारतात गाडीसाठी तकाफुल पॉलिसी मिळत नाही.

मग इथल्या मुसलमानाने काय करावं? थर्ड पार्टीबद्दल वाद फार उरत नाही. कायद्याने सक्तीचं आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि उलमा ही मजबुरी मानतात. शिवाय त्याचा फायदा आपल्याला होत नाही, ज्याला आपल्या गाडीने इजा झाली त्याला होतो. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठी दियत देण्याचा हुकूम आहे. ती दियत एकट्या माणसाने न भरता त्याच्या आकिलाने, म्हणजे टोळीने किंवा बिरादरीने मिळून भरायची, ही पद्धत फिक्हच्या किताबांत सविस्तर आहे. आज तुमच्या हातून कुणी दगावलं तर बिरादरी वीस-पंचवीस लाख जमवून देईल का, हे ज्याचं त्याने बघावं. जखमी माणसाचा हक हा हुकूकुल इबादपैकी आहे, हे तर सगळेच मानतात.

फुल इन्शुरन्सबद्दल मतं वेगळी आहेत. भारतातल्या इस्लामिक फिक्ह अकॅडमीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथले हालात, विशेषतः दंगलींतलं जान-मालाचं नुकसान लक्षात घेऊन सवलतीची भूमिका घेतली होती. काही दारुल इफ्ता तेवढी सवलत देत नाहीत. तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना विचारा, पण विचारताना पूर्ण माहिती द्या: थर्ड पार्टीत घरची माणसं येत नाहीत, आणि फुल इन्शुरन्समध्ये आग, चोरी, पूर, भूकंप, दरड, दंगल आणि तोडफोड यांचं नुकसान धरलेलं असतं. अर्धी माहिती देऊन विचारलं की उत्तरही अर्धंच येतं.

"फक्त डिझेलपुरते पैसे घेतो"

पांढऱ्या पाटीच्या पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने देणं किंवा मोबदला घेऊन माणसं नेणं त्यात बसत नाही. आपल्याकडे मोठी गाडी दारात आली की मोहल्ला लगेच हिशेब लावतो. "सैलानीला चाललोय, डिझेल आपण देऊ." "मुलीचं लग्न परतूरला आहे, ड्रायव्हरचं बघून घेऊ." माणुसकी म्हणून नेणं वेगळं आणि दर ठरवून भाडं मारणं वेगळं. पण अपघातानंतर पोलिसांच्या जबाबात एखाद्या जखमीने "माणशी तीनशे दिले होते" असं सांगितलं, की विमा कंपनीचा वकील तेच वाक्य घेऊन उभा राहतो. मग रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला कंपनीने द्यावं आणि मालकाकडून वसूल करावं असा आदेश होऊ शकतो. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम तर हातचा जातोच.

गाडीने घरखर्च भागवायचा विचार असेल तर त्यात कमीपणा काही नाही. सरळ पिवळी पाटी ठेवा, परमिट घ्या, प्रवासी वाहनाची पॉलिसी घ्या. हप्ता जास्त पडेल. दोन्ही हातात लाडू ठेवायचा प्रयत्न मात्र करू नका. वर्षभर घरची आणि यात्रेच्या आठवड्यात भाड्याची, अशी पॉलिसी नसते.

सीट किती, माणसं किती

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनीबस कंटेनरला मागून धडकली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे भाविक होते, पस्तीसच्या आसपास. बारा जण गेले. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच वाटेने सैलानीला जाऊन आलेले आहेत, लेकरं मांडीवर घेऊन, खाली चटई टाकून.

पॉलिसी सीट मोजते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या अंजना श्याम प्रकरणात हे सांगितलं आहे. बसची परवानगी ४२ प्रवाशांची होती, आत ९० होते. न्यायालयाने म्हटलं की कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. सगळ्यात मोठ्या ४२ भरपाईंची बेरीज कंपनीने जमा करायची, ती सगळ्यांत प्रमाणात वाटायची, आणि उरलेलं मालकाकडून घ्यायचं. म्हणजे जास्तीची माणसं बसवली की ज्यांच्या नावाची सीट होती त्यांचा वाटाही कमी होतो.

कॅम्परमध्ये हा प्रश्न जास्त अवघड आहे. सतरा सीटची गाडी बदलून आत दोन बिछाने टाकले तर आरसीवर पाच किंवा सहाच सीट उरू शकतात. बिछाना ही सीट नाही. गाडी उभी असताना त्यावर झोपायचं, चालू असताना पट्टा बांधून सीटवर बसायचं. म्हाताऱ्या माणसाला आडवं करून न्यायचं असेल तर तशी पट्ट्यासह सोय मान्य करून घ्यायला लागेल, गॅरेजमधल्या प्लायवूडवर गादी टाकून भागणार नाही. आणि आरसीवरची नवी सीटसंख्या पॉलिसीवरही तीच आली आहे ना, हे पॉलिसी हातात आल्या आल्या बघा. टायपिंगच्या चुका फार होतात.

आत बसवलेल्या वस्तूंची किंमत

फुल इन्शुरन्समध्ये गाडीची किंमत आयडीव्ही या नावाने लिहिलेली असते. मूळ मॉडेलच्या किमतीतून वयानुसार घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी मिळून ठरवायची. आता गंमत बघा. नऊ वर्षांची ट्रॅव्हलर चार लाखांना घेतली आणि आतल्या कामावर तीन लाख घातले. पॉलिसीवर चारच लाख लिहिले असतील, तर गाडी जळाली किंवा चोरीला गेली तेव्हा ते तीन लाख कुठेच नसतात. कंपनीने मुळात न बसवलेल्या वस्तूंची किंमत वेगळी जाहीर करून त्यावर हप्ता भरावा लागतो. बिलं पक्की घ्या. "जीएसटी वाचवतो, कच्चं बिल देतो" म्हणणाऱ्या सुताराचं बिल क्लेमच्या वेळी उपयोगाला येत नाही.

सीएनजी किंवा एलपीजीवर गाडी चालवत असाल तर किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी. स्वयंपाकाचा सिलेंडर हा वेगळा विषय. स्फोट आणि आग पॉलिसीत धरलेली आहे हे खरं, पण घरगुती सिलेंडर सीटखाली सुटा ठेवून, नळी लोंबकळत, त्यावर चालत्या गाडीत चहा करणाऱ्याच्या बाजूने सर्व्हेअर अहवाल लिहील अशी आशा धरू नका. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष शेगडी गाडीबाहेर उतरवूनच वापरा.

दुरुस्तीच्या बिलातूनही बरंच कापलं जातं. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घट, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही. लाकडी आणि धातूच्या भागांना वयाप्रमाणे: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के. कॅम्परमध्ये लाकूड, फायबर आणि प्लास्टिकच जास्त, म्हणून खिशातून जाणारा वाटा साध्या कारपेक्षा मोठा असतो. झिरो डेप्रिसिएशन हा जोड घेतला तर ही कपात वाचते, पण तो सहसा नव्या गाड्यांनाच मिळतो. याशिवाय दर क्लेमला मालकाने सोसायची सक्तीची रक्कम असते, खासगी कारला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि वर २,००० रुपये.

कपडे, मोबाइल, भांडी, मिक्सर, पैसे हे गाडीच्या विम्यात नाहीत. बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च खासगी कारच्या पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंत मिळतो, तोही अपघात झाला असेल तरच. समृद्धीवर रात्री क्रेन बोलावून बघा म्हणजे त्या आकड्याचा अंदाज येईल. म्हणून रस्त्यावरच्या मदतीचा जोड घ्या, आणि तो तुमच्या लांबीच्या आणि वजनाच्या गाडीला लागू आहे का ते विचारून घ्या. अशा गाड्या वर्षातले दहा महिने उभ्याच असतात. २०२२ पासून किलोमीटरनुसार हप्त्याची सोय काही कंपन्या देतात. तुमच्या वर्गाच्या गाडीला मिळत असेल तर तिथे खरी बचत आहे.

जुनी गाडी घेतली असेल तर

माझ्या एका खालाजाद भावाने सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा पॉलिसी सात महिने बाकी होती. "इन्शुरन्स चालू आहे" म्हणून तो निश्चिंत. चौथ्या महिन्यात गाडी पुलाच्या कठड्याला घासली, एक लाखाच्या वर काम निघालं. कंपनीने क्लेम नाकारला, कारण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर होती. तो मला म्हणायचा, "हप्ता तर भरलेला आहे ना, मग कुणाच्या का नावावर असेना!" कायदा तसं म्हणत नाही. कलम १५७ नुसार गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं, पण स्वतःच्या नुकसानीचं जात नाही. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून नाव बदलून घ्यायचं असतं.

विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच भरपाईसाठी मालक. गाडी तीन हात पुढे गेली असली तरी नोटीस तुमच्या दारात येते.

नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला लागत नाही, तो खोटा दाखवून हप्ता कमी करणारे एजंट मात्र भेटतात. क्लेमच्या वेळी आधीच्या कंपनीकडे चौकशी होते आणि खोटी माहिती दिली म्हणून सगळंच अडतं. इथे शरिअत आणि विम्याचा करार एकच गोष्ट मागतात: सौद्यात खरं बोला. तेच वाढवून केलेल्या गॅरेजच्या बिलाचं. आधीचा पोचा नव्या अपघातात घुसवून पैसे काढणं याला कोणताही आलिम जायज म्हणणार नाही.

अपघात झाला तर आणि क्लेम अडला तर

कंपनीला लगेच कळवा, गाडी हलवण्याआधी फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. चोरी झाली तर आधी पोलिसांत तक्रार. ती वेळेत असेल तर कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, तो सहा महिन्यांच्या आत करा. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. हे समोरच्या कुटुंबालाही सांगा. लपवल्याने आपलं काही वाचत नाही, पैसे कंपनी देते.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. जालना जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, आणि कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षात जावं लागतं. नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आणि बीमा भरोसा हे पोर्टलही आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा खुला आहेच. तक्रार मराठीत लिहिली तरी चालते, फक्त तारखा आणि पॉलिसी क्रमांक नीट लिहा.

त्या मुलाने शेवटी आधी नावावर करण्याची फाइल टाकली, मग बदलाची. तोवर गाडी पिवळ्या पाटीच्या चालू पॉलिसीवर त्यांच्या वाड्यात उभी आहे, आतलं सुतारकाम थांबवलंय. अम्मा रोज असरनंतर जाऊन तिच्यात बसते म्हणे.